औतार्केइया: 'पुरेसं असणं' कुणाच्या जोरावर आणि कशासाठी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बायबलच्या नव्या करारातल्या फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात प्रेषित पौल म्हणतो, की असेल त्या परिस्थितीत 'औतार्केस' राहायला मी शिकलो आहे. हा तर स्तोइक तत्त्वज्ञांचा, म्हणजे सुखदुःखाने हलू नये असं शिकवणाऱ्या ग्रीक पंथाचा, लाडका शब्द. अर्थ, स्वतःचं स्वतःला पुरणारा. मग ज्याची सगळी भिस्त देवावर, तो माणूस हा शब्द स्वतःला कसा लावतो? शब्द उसना घेतला, की त्याचा अर्थच पालटला? आणि मराठीत तिथे 'संतुष्ट', 'समाधान' असं वाचायला मिळतं, ते कितपत खरं?

मी बरीच वर्षं नव्या कराराची ग्रीक शिकवतो आणि हा प्रश्न दर वर्गात येतो. आधी सरळ उत्तर देतो. शब्द उसना आहे, पण एकट्या स्तोइकांकडून घेतलेला नाही. तो त्या काळी बाजारात, घरात, सरकारी कागदांत सगळीकडे होता. अर्थ मुळात 'पुरेसं असणं' हाच राहिला. बदलल्या दोन गोष्टी: पुरवठा कुठून होतो ही एक, आणि पुरलं की पुढे काय करायचं ही दुसरी. पहिलीवर प्रवचनांत भरपूर बोललं जातं. दुसरीकडे फारसं कुणी वळत नाही, आणि माझ्या मते शब्दाच्या धार्मिक वापराचा गाभा तिथेच आहे.

आता सविस्तर.

शब्दाची फोड सोपी. 'औतोस' म्हणजे स्वतः, 'आर्केइन' म्हणजे पुरणं. यातून नाम 'औतार्केइया' आणि विशेषण 'औतार्केस'. 'आर्केइन'चा जुना अर्थ मात्र 'वार अडवणं, टिकाव धरणं' असा होता. 'इलियड'मध्ये भाला चिलखत फोडून पोटात शिरतो तेव्हा होमर हेच क्रियापद नकारार्थी वापरतो: चिलखत पुरं पडलं नाही. ही लढाईतली छटा शब्दात बराच काळ मुरलेली होती. त्यामुळे जुन्या ग्रीक लेखकांत हा शब्द दिसला की एकदम शांत, तृप्त चेहऱ्याचा साधू डोळ्यांपुढे आणू नये. आधी शरीर आणि शहर आणावं.

ग्रीक इतिहासकार हेरोडोटसच्या ग्रंथाच्या पहिल्याच भागात लिडियाचा धनाढ्य राजा क्रोइसस अथेन्सच्या सोलोनला विचारतो, की जगात सगळ्यात सुखी कोण. आपलं नाव ऐकायला तो आतुर असतो. सोलोन ते घेत नाही. तो म्हणतो, कोणताही देश सगळ्याच बाबतींत स्वतःला पुरा पडत नाही. एक पिकतं तर दुसरं बाहेरून आणावं लागतं. तसंच कोणाही एका माणसाचं शरीर 'औतार्केस' नसतं.

थुसिडिडीस हा दुसरा इतिहासकार हे शब्द घेऊन पुढे जे करतो ते वर्गात वाचून दाखवताना मी दर वेळी थोडा थांबतो. अथेन्स आणि स्पार्टा यांच्यातल्या पेलोपोनेशियन युद्धाच्या पहिल्या वर्षाच्या शेवटी, इ.स.पू. 431 च्या हिवाळ्यात, युद्धात पडलेल्यांच्या अंत्यविधीला अथेन्सचा नेता पेरिक्लीस भाषण करतो. आमचं शहर युद्धात आणि शांततेत सर्वांत स्वयंपूर्ण आहे, असं तो सांगतो. मग आणखी पुढे जातो: आमच्यातला एकेक माणूस नाना तऱ्हेच्या कामांना स्वतःचं शरीर 'औतार्केस' म्हणून सादर करू शकेल, तेही डौलात. भाषण संपतं. पुढच्याच उन्हाळ्यात अथेन्समध्ये साथ येते. थुसिडिडीसला स्वतःलाही ती झाली होती आणि तो वाचला, त्यामुळे लक्षणांचं वर्णन तो वैद्यासारखं करतो. आणि मग एक वाक्य टाकतो: सशक्त असो की अशक्त, कोणतंही शरीर तिच्यापुढे 'औतार्केस' ठरलं नाही. 'शरीर' आणि 'औतार्केस' हे तेच दोन शब्द, काही पानांच्या अंतरावर. 'बघा, पेरिक्लीस काय म्हणाला होता' असा शेरा तो मारत नाही. मारायची गरजही नाही.

प्लेटो 'रिपब्लिक'मध्ये शहराचा उगमच इथून काढतो: आपल्यापैकी कुणीही एकटा स्वयंपूर्ण नाही, म्हणून माणसं एकत्र राहू लागली. शेतकरी हवा, घर बांधणारा हवा, विणकर हवा, जोडे शिवणारा हवा. अॅरिस्टॉटल त्याला नेमकेपणा देतो. सुख स्वयंपूर्ण असतं, पण स्वयंपूर्ण म्हणजे एकट्याला पुरणारं असं मी म्हणत नाही, असं तो 'निकोमाखीय नीतिशास्त्रा'च्या पहिल्याच भागात सांगून टाकतो. आईवडील, मुलंबाळं, बायको, मित्र, गावातले लोक हे सगळे त्या 'स्वतः'त धरायचे, कारण माणूस स्वभावतःच समाजात राहणारा आहे. आणि 'राज्यशास्त्रा'त तो म्हणतो, की ज्याला समाजात राहता येत नाही किंवा स्वयंपूर्ण असल्यामुळे ज्याला समाजाची गरजच नाही, तो एक तर पशू असेल नाही तर देव. हे विसरू नका, पुढे लागणार आहे.

शब्द शहरातून निघून एकट्या माणसाच्या मनात शिरला तो सॉक्रेटिसच्या मागून आलेल्या मंडळींमुळे. बाजारात मांडलेला माल बघून सॉक्रेटिस म्हणायचा म्हणे, की किती वस्तूंवाचून माझं अडत नाही! डायोजिनीसची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते: एक मूल ओंजळीने पाणी पिताना बघून त्याने झोळीतला पेला फेकून दिला. डेमोक्रिटस जास्त जमिनीवरचा. त्याचं एक वचन उरलं आहे, की परमुलुखातलं राहणं माणसाला औतार्केइया शिकवतं. सातूची भाकर आणि पाचोळ्याचं अंथरूण हे भुकेवरचे आणि थकव्यावरचे सगळ्यात गोड उपाय. ज्याने पोटासाठी गाव सोडलं आहे त्याला यातलं खरंखोटं कळेल.

एपिक्युरसविषयी लोकांचा गैरसमज फार. खा-प्या-मजा करा असं सांगणारा, अशी त्याची ख्याती. प्रत्यक्षात मेनोइकेउसला लिहिलेल्या पत्रात तो औतार्केइयाला मोठं धन म्हणतो आणि लगेच खुलासा करतो: नेहमी थोडक्यातच भागवावं असं नव्हे; जास्त नसेल तेव्हा थोडक्यात भागावं, यासाठी. एका मित्राला त्याने लिहिलं होतं, की मला चीजचा एक लहान गडू पाठव, म्हणजे मनात येईल तेव्हा मेजवानी करता येईल. दुसऱ्या एका वचनात तो म्हणतो, औतार्केइयाचं सगळ्यात मोठं फळ म्हणजे मोकळेपणा. ही बाजू मला स्तोइकांपेक्षा जास्त माणसाळलेली वाटते. हे माझं वैयक्तिक मत.

स्तोइकांनी शब्दाला सिद्धान्ताचं रूप दिलं: सुखासाठी सद्गुण पुरेसा, बाकी कशाची गरज नाही. पंथाचे जुने धुरीण झेनो आणि क्रिसिपस या मताचे. पुढच्या काळातल्या पानेतिअस आणि पोसिदोनिअस यांना ते पटलं नाही. त्यांच्या मते तब्येत, थोडा पैसाअडका, अंगात बळ हेही लागतं. म्हणजे 'स्तोइक असं म्हणतात' असं सरसकट विधान करताना जरा जपून. या विचाराचा टोकाचा नमुना रोमी स्तोइक सेनेका आपल्या नवव्या पत्रात देतो. स्तिल्पो हा मेगारा शहरातला तत्त्वज्ञ. देमेत्रिअस राजाने शहर जिंकलं, त्यात स्तिल्पोची बायकामुलं गेली. राजाने विचारलं, तुझं काही गेलं का? स्तिल्पो म्हणाला, माझं सगळं माझ्याजवळ आहे. सेनेका त्याचं तोंड भरून कौतुक करतो. त्याच पत्रात तो असंही सांगतो, की ज्ञानी माणूस स्वतःला पुरेसा असूनही त्याला मित्र हवा असतो. मात्र गरज म्हणून नव्हे, मैत्री करायला म्हणून. (जाता जाता: याच सेनेकाचा भाऊ गाल्लियो अखयाचा सुभेदार होता आणि करिंथमध्ये पौलाला त्याच्यापुढे उभं केलं होतं. दोन जगं इतकी जवळ होती.)

आता धर्माकडे. इथे एक गोष्ट सहसा सुटते. हा शब्द ख्रिस्ती लोकांनी धर्मात आणला असं नाही. तो प्रश्न ग्रीकांच्या देवळांतच उभा राहिला होता. देवाला खरोखर काही लागतं का? लोकांच्या भाबड्या श्रद्धेत यज्ञाचा धूर वर जातो आणि त्यावर देव जगतात. आरिस्तोफानीसने इ.स.पू. 414 च्या 'पक्षी' नाटकात याचीच टिंगल केली. पक्षी आकाशात नगर बांधून धुराची वाट अडवतात आणि देवांची उपासमार होते. दुसरीकडे नाटककार युरिपिडीसचा हेराक्लीस म्हणतो, की देव जर खरोखर देव असेल तर त्याला कशाचीच गरज नसते. सॉक्रेटिसचा शिष्य झेनोफोन याने रंगवलेला सॉक्रेटिस त्यावरून माणसासाठी नियम काढतो: काहीच न लागणं हे देवपण, आणि कमीत कमी लागणं हे देवपणाच्या जवळात जवळ जाणं. म्हणजे अॅरिस्टॉटलने ज्याला 'पशू किंवा देव' म्हणून माणसांतून बाहेर काढलं, त्याच दिशेने आता माणसाला जायला सांगितलं जात होतं.

ग्रीक बोलणाऱ्या यहूदी लोकांपुढे इथे अडचण होती. देव स्वयंपूर्ण, हे त्यांना पूर्ण मान्य. अलेक्झांड्रियाचा यहूदी तत्त्वज्ञ फिलो हे पुन्हा पुन्हा सांगतो. प्रेषितांच्या कृत्यांत पौल अथेन्सच्या अरीयपग या टेकडीवर बोलतो तेव्हा तोच मुद्दा मांडतो: काही उणं असल्यासारखी देवाची सेवा माणसाच्या हातून होत नाही, उलट तोच सगळ्यांना श्वास देतो. पण माणूस स्वयंपूर्ण? बेन सिरा या यहूदी ज्ञानी माणसाच्या ग्रीक पुस्तकात पाचव्या अध्यायाची सुरुवातच ताकिदीने होते: आपल्या संपत्तीवर विसंबू नकोस आणि 'मला पुरेसं आहे' असं म्हणू नकोस. शब्द हाच. अकराव्या अध्यायात तेच पुन्हा. इथे औतार्केस म्हणवणं हा गर्व आहे. उलट नीतिसूत्रांच्या ग्रीक भाषांतरात आगूरची जी प्रार्थना आहे, 'मला दारिद्र्य देऊ नकोस, श्रीमंतीही देऊ नकोस', तिच्यात पुढे तो लागेल तेवढं आणि 'औतार्केस' तेवढं मागतो. इथे तोच शब्द मागण्याची वस्तू झाला. मागून मिळणारी स्वयंपूर्णता! स्तोइक माणूस हे ऐकून हसला असता. मला तर वाटतं, की पौलाच्या वाक्याची किल्ली स्तोइकांपेक्षा इथे जास्त आहे.

नव्या करारात ही शब्दजोडी अगदी मोजकी आहे. नाम दोनदा (करिंथकरांस दुसरं पत्र 9:8 आणि तीमथ्याला पहिलं पत्र 6:6), विशेषण एकदा (फिलिप्पै 4:11). 'आर्केइन' हे साधं क्रियापद आणखी काही ठिकाणी येतं. शिपायांना बाप्तिस्मा करणारा योहान सांगतो की पगारात भागवा, तिथे तेच. इब्री पत्रात 'जवळ आहे तेवढ्यात असा', तिथेही तेच. आणि पौलाला देव म्हणतो 'माझी कृपा तुला पुरे आहे', तिथलं 'पुरे' हेच.

फिलिप्पैचा उतारा नीट बघू. पौल कैदेत आहे. फिलिप्पैच्या मंडळीने, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समुदायाने, एपफ्रदीताच्या हाती मदत पाठवली आहे. हे पत्र म्हणजे एका परीने तिची पोच. पण सरळ 'आभारी आहे' असं तो म्हणतच नाही. आधी म्हणतो, तुमची आस्था पुन्हा पालवली याचा आनंद झाला. मग घाईने: टंचाई आहे म्हणून बोलत नाही हं, कारण मी औतार्केस राहायला शिकलो. दैन्यात राहणं जाणतो, विपुलतेत राहणं जाणतो. इथे तो 'मेमूएमाय' असं क्रियापद वापरतो. एल्युसिससारख्या गुप्त पंथांत दीक्षा घेतलेल्याला लावायचा हा शब्द. पोटभर जेवणं आणि उपाशी राहणं, या दोन्हींची मला दीक्षा मिळाली आहे! उपासमारीची दीक्षा घेणारे पंथ निदान माहीत असतात, पण भरल्या पोटाचीही दीक्षा लागते हे इथेच वाचायला मिळतं. आणि 'शिकलो' हेही लक्षात घ्या. औतार्केइया त्याला जन्मजात नव्हती, एका झटक्यात मिळालीही नव्हती.

इथपर्यंत कोणताही स्तोइक मान डोलावेल. मग येतो तो गाजलेला तेरावा श्लोक, मला सामर्थ्य देणाऱ्याच्या योगे मी सगळ्याला पुरून उरतो. प्रवचनकार इथे थांबतात: स्तोइकाचं बळ स्वतःचं, पौलाचं ख्रिस्ताकडून. बरोबर आहे. पण पुढचा श्लोक 'तरीपण' या शब्दाने सुरू होतो, आणि तो वाचायचा राहून जातो. तरीपण तुम्ही माझ्या संकटात वाटेकरी झालात हे बरं केलंत. स्तिल्पोला हे वाक्य बोलता आलं नसतं. ज्याचं काही जातच नाही, त्याच्या दुःखात वाटा कसा घेणार?

त्यानंतर पौल चक्क हिशेबाच्या भाषेत शिरतो. 'देण्याघेण्याचं खातं', 'तुमच्या खात्यावर वाढणारं फळ', आणि 'आपेखो', म्हणजे 'पावलं'. इजिप्तमध्ये सापडलेल्या पपायरसच्या तुकड्यांवर आणि खापरांवर पैसे पोहोचल्याच्या पावत्या आहेत. त्यांत हाच शब्द आहे. जणू पौल पावती फाडून देतो: सगळं पावलं, भरून पावलं. आणि त्याच दमात हिशेबाची भाषा सोडून ती मदत म्हणजे देवाला आवडणारा सुवासिक यज्ञ असं म्हणतो. आरिस्तोफानीसच्या उपाशी देवांची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. ज्या देवाला काहीच लागत नाही, त्याच्यासाठीचा यज्ञ म्हणजे कैदेतल्या माणसाला पाठवलेली शिदोरी.

हे सगळं एवढं संकोचून का? त्या काळच्या रोमी जगात देणगी म्हणजे बंधन असे. घेणारा मिंधा होई, देणारा आश्रयदाता. पौल करिंथकरांकडून पैसे घ्यायचा नाही, यावरून तिथे वादही झाला होता. फिलिप्पैकडून मात्र त्याने घेतले, थेस्सलनीकेत असताना एकदा सोडून पुन्हाही. औतार्केस या शब्दाने तो मिंधेपणाची गाठ सोडवतो: मी तुमच्या उपकाराखाली वाकलेलो नाही, म्हणूनच तुमचं प्रेम मोकळेपणाने घेऊ शकतो. मला या उताऱ्यातली ही सगळ्यात व्यवहारी आणि सगळ्यात नाजूक गोष्ट वाटते.

आता करिंथकरांस दुसरं पत्र, अध्याय आठ आणि नऊ. सुरुवातीला मी ज्या दुसऱ्या बदलाबद्दल म्हटलं, तो इथे आहे. विषय वर्गणीचा. यरुशलेमेतल्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी पौल ग्रीक शहरांतून पैसे गोळा करतो आहे. करिंथ व्यापारी शहर, हात मात्र आखडता. तो त्यांना मासेदोनियाच्या मंडळ्यांचं उदाहरण देतो: त्यांनी पराकाष्ठेच्या दारिद्र्यात असून ऐपतीबाहेर दिलं. फिलिप्पै मासेदोनियातच आहे. म्हणजे ज्यांच्या मदतीची पौलाने तशी पोच दिली, ती ही माणसं.

मग 9:8. ग्रीकमध्ये 'सर्व' या अर्थाचा शब्द वेगवेगळ्या रूपांत सारखा आदळत राहतो: सर्व कृपा, सर्व बाबतींत, सर्वदा, सर्व औतार्केइया, सर्व चांगलं काम. मी मुलांना हा श्लोक मोठ्याने म्हणायला लावतो, त्याशिवाय त्याचा ठेका कानात बसत नाही. अर्थ असा: देव तुम्हाला भरभरून देऊ शकतो, यासाठी की सगळ्यात, सदोदित, सगळी औतार्केइया हाती असताना तुम्ही प्रत्येक चांगल्या कामात ओसंडावं. वाक्यात तिची जागा पाहा. औतार्केइया वाक्याच्या मधे आहे. शेवटी 'ओसंडणं' आहे. स्तोइकासाठी ती मुक्कामाचं गाव होती. इथे ती वाटेतला थांबा झाली.

आणि 'पुरेसं' म्हणजे किती, याचं माप पौल आठव्या अध्यायात देऊन ठेवतो. तुमच्या विपुलतेतून त्यांची उणीव भरावी, पुढे त्यांच्या विपुलतेतून तुमची, म्हणजे समानता येईल. मग निर्गम या पुस्तकातल्या मान्नाचं, म्हणजे अरण्यात इस्राएलांना रोज मिळणाऱ्या अन्नाचं, वचन: ज्याने पुष्कळ गोळा केलं त्याला जास्त झालं नाही, ज्याने थोडं केलं त्याला कमी पडलं नाही. अरण्यातल्या त्या गोष्टीत जास्तीचा मान्ना ठेवला तर सकाळी त्यात किडे पडत. 'स्वतः'मध्ये शेजाऱ्याला धरणारा अॅरिस्टॉटल इथे वेगळ्या वाटेने परत येतो, फक्त आता शेजारी समुद्रापलीकडचा, वेगळ्या भाषेचा आणि वेगळ्या जातकुळीचाही असू शकतो.

तीमथ्याला लिहिलेल्या पत्रातलं वाक्य मराठीत 'चित्तसमाधानासह भक्ती हा तर मोठाच लाभ आहे' असं रूढ आहे. ऐकायला फार गोड, आणि याचा दुरुपयोगही सगळ्यात जास्त. कुणी पगारवाढ मागितली, हक्काचं मागितलं, की हा श्लोक त्याच्या तोंडावर मारला जातो. जरा मागचा श्लोक वाचा. तिथे अशा लोकांबद्दल बोललं आहे, जे भक्तीला कमाईचं साधन समजतात. वापरलेला शब्द 'पोरिस्मोस', धंद्यातली मिळकत. लेखक तोच शब्द उचलून त्यांच्यावर उलटवतो: हो, भक्तीत मिळकत आहे, मोठी आहे, पण औतार्केइयेसकट. म्हणजे टोला बसतो तो धर्मावर पैसे करणाऱ्यांना. पुढे अन्न आणि पांघरायला असलं की पुरे, असं येतं. मग श्रीमंत व्हायच्या हव्यासाबद्दल ताकीद. आणि अध्यायाच्या अखेरीस श्रीमंतांना आज्ञा, की उदार व्हा, आपल्यातलं द्या. हा पूर्ण अध्याय बाजूला ठेवून सहावा श्लोक गरिबाला सुनावायचा, हे मला बिलकुल मान्य नाही.

पुढच्या शतकांत हा धागा तुटला नाही. कप्पदुकियातल्या कैसरियाचा बेसिल चौथ्या शतकात दुष्काळ पाहिलेला माणूस. 'मी आपली कोठारं पाडून मोठी बांधीन' म्हणणाऱ्या श्रीमंताच्या दाखल्यावर त्याचं प्रवचन आहे. त्यात तो म्हणतो, की प्रत्येकाने आपली गरज भागेल एवढं घेऊन बाकीचं गरजवंताला सोडलं असतं, तर कुणी श्रीमंत नसता, कुणी गरीब नसता. कपाटात पडून असलेला अंगरखा उघड्या माणसाचा आहे, असंही. चौथ्या शतकातलं आहे हे, लक्षात असू द्या.

इजिप्तच्या कॉप्टिक चर्चच्या उपासनेत तर पौलाचं ते वाक्य आजही म्हटलं जातं. वर्षाच्या ऋतूंप्रमाणे तिथे एक मागणी बदलते: कधी नदीच्या पाण्यासाठी, कधी बी-बियाणं आणि पिकांसाठी, कधी हवेसाठी. नाईलचं पाणी योग्य मापाने चढू दे, नांगराच्या तासांना भरपूर पाणी मिळू दे, गरिबासाठी, विधवेसाठी, पोरक्यासाठी, परक्यासाठी, वाटसरूसाठी वर्षाला आशीर्वाद दे, अशी ती प्रार्थना जाते आणि शेवटी येतं: आम्हाला सगळ्यात सदोदित पुरेसं मिळून आम्ही प्रत्येक चांगल्या कामात ओसंडावं. पूर कमी आला तर दुष्काळ, जास्त आला तर गावं बुडाली. नाईलच्या काठच्या माणसाला 'पुरेसं' या शब्दाची खोली तत्त्वज्ञाने सांगायला नको होती.

आता भाषांतराचं. फिलिप्पैत आणि तीमथ्याच्या पत्रात लॅटिन बायबलाने 'पुरेसेपणा' ठेवला, इंग्रजी राजा जेम्स आवृत्तीने 'संतोष' घेतला, ल्यूथरने 'पुरे मानणं' अशा अर्थाचं क्रियापद. आपलं 'समाधान' मनाकडे झुकतं. चूक म्हणणार नाही. या दोन ठिकाणी ते चालतं. पण करिंथच्या पत्रात मनाच्या समाधानाने भागत नाही, कारण तिथे खरीखुरी नाणी गोळा करायची आहेत. मराठीत तिथे पुरवठ्याचा शब्द आला आहे तो योग्यच. तोटा एवढाच, की वाचकाला तिन्ही ठिकाणी एकच शब्द आहे हे दिसत नाही. पतंजलीच्या नियमांतल्या 'संतोषा'शी जोडायचा मोह वर्गात नेहमी होतो. जोडा, पण संतोष हा साधकाचा स्वतःशी चाललेला अभ्यास आहे. पौलाच्या औतार्केइयेत वर्गणीची थैली असते. 'आत्मनिर्भर' हा शब्द मात्र इथे टाळाच. तो सोलोनलाही पटला नसता.

तुम्हाला हे मंडळीत शिकवायचं असेल तर क्रम उलटा घ्या. फिलिप्पैपासून सुरुवात केली की चर्चा हमखास मनाच्या शांतीवर जाते आणि तिथेच बसते. आधी करिंथकरांस दुसऱ्या पत्राचे आठ-नऊ अध्याय सलग वाचा, मग तीमथ्याचा सहावा अध्याय पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि शेवटी फिलिप्पै 4:10 ते 20, चौदावा श्लोक न गाळता.